उभा धागा

गुरुवारी दुपारी मी एकाच कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. ही चूक शिकाऊ माणसाची. कागदाचा नमुना पालटायचा राहतो आणि दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात. कापून झाल्यावर मी दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बघत राहिले. समोरच्या टेबलावरच्या इस्त्रीवालीने मान वाकडी करून पाहिलं, पण ती काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे प्रकरण गंभीर, कारण एरवी ही बाई इस्त्रीच्या वाफेला बोलू देत नाही. झालं होतं एवढंच, की पाच मिनिटांपूर्वी माझ्या मुलीचा फोन आला होता. रविवारी दुपारी जेवायला येते म्हणाली. त्यात नवल नव्हतं, महिन्या-दीड महिन्याने येते ती. पण फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आणि आई, या वेळी डबा आणत नाहीये मी." मी बरं म्हटलं. रोजचंच काहीतरी असावं अशा आवाजात म्हटलं. मग कात्री उचलली आणि दोन डाव्या बाह्या कापून मोकळी झाले.

गेली दोन वर्षं ती माझ्या घरी स्वतःचा डबा घेऊन येते. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, आणि सोबत रुमालात गुंडाळलेला स्वतःचा चमचा. माझ्यासमोर बसून ती तो डबा उघडते आणि मी माझं ताट वाढून घेते. आम्ही बोलतो. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते; काही म्हातारे तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात आणि दिवे लावायच्या आधीच घडाघडा म्हणून दाखवतात, असल्या गमती ती सांगते आणि मी हसते. निघताना ती म्हणते, वास छान येत होता गं. चव छान होती असं म्हणत नाही, कारण चव तिला माहीत नसते. भांडण नाही, अबोला नाही. शेजारणीला विचाराल तर ती म्हणेल, मायलेकींचं किती गूळपीठ आहे. डबा मात्र असतो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही तर ताकाच्या वाटेलाच जात नाही, आणि तिचं तोंड कोणी पोळलं ते मला पक्कं माहीत आहे.

तिला गहू चालत नाही. लहानपणापासून किडकिडीत, तिचे बाबा तिला सुतळी म्हणायचे. शाळेत बाईंसमोरसुद्धा एकदा तेच नाव त्यांच्या तोंडून गेलं आणि मग ते वर्गभर झालं. जेवली की पोट दुखतं म्हणायची. मी म्हणायचे, नाटकं करू नकोस, ताट साफ कर. अंगी लागत नाही म्हणून मी तिला आणखी खाऊ घालायचे, ब्रेड, बिस्किटं, आणि सगळ्यात आवडीच्या म्हणजे नूडल्स. एकेक नूडल ओठांत धरून ती सुर्रकन आत ओढायची, शेवटचं टोक फटकन गालावर बसायचं आणि बाप-लेक खिदळत सुटायचे. मी ओट्याशी उभी राहून रागावल्याचं सोंग करायचे. म्हणजे चोवीस वर्षं मी तिला प्रेमाने नेमकं तेच भरवलं, जे तिच्या आतड्याला आतून सोलत होतं. हे निदान झालं तेव्हा तिचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. ते सुटले. तरुण डॉक्टरांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून मला समजावलं, की गव्हाचा एक कणही पोटात जाता कामा नये. भांडी वेगळी, चमचे वेगळे, सगळं वेगळं, आणि हे जन्मभर. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, थेरं आहेत.

माझा स्वभावच तसा. हाताला कळतं तेवढंच मला खरं वाटतं. कापड कसं आहे हे मी त्यावरची चिठ्ठी वाचून ठरवत नाही, अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून ठरवते, आणि आजवर चुकलेले नाही, निदान कापडाच्या बाबतीत. पीठ तर जन्मभर हातात खेळलेलं. मऊ, कोरडं, गरीब. त्याने कोणाचं काय वाकडं होणार? सहा महिने मी सगळं वेगळं केलं, पण धुसफुसत केलं. तिच्या गालांवर जरा मांस आलं, तर म्हटलं, वयच आहे. मग एका रविवारी मी सूप केलं. ते पातळ झालं होतं असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत आले, पण ते खोटं आहे. सूप चांगलं दाट होतं. मी पिठाचा डबा उघडला, चमचा भरला आणि सुपात घालून ढवळलं. गुठळी होऊ दिली नाही. मला बघायचं होतं. तिने खावं, तिला काही होऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी मी हसत म्हणावं, बघ, फुटला की नाही भ्रमाचा भोपळा. तिने दोन वाट्या घेतल्या आणि आज काय मस्त झालंय म्हणाली. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. आठ दिवस ती अंथरुणात होती, त्यातले तीन दवाखान्यात सलाइनवर. मी उशाशी बसून होते. तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवता ठेवता मी म्हटलं, "बाहेर काहीतरी खाल्लं असशील." पिठाचं एक वेळ समजून घेता येईल, बाई अडाणी होती, हट्टी होती. पण या वाक्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. तीन महिन्यांनी तिने दुकानाजवळ खोली घेतली, जायला-यायला सोपं पडतं म्हणून. त्यानंतर पहिल्यांदा भेटायला आली ती डबा घेऊन. तिला कळलं होतं की नुसताच संशय होता, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. ज्यांच्या हाताखाली मी कापायला शिकले ते मास्तर म्हणायचे, शिवण उसवता येते, कात्री उसवता येत नाही. ते कापडाबद्दल बोलायचे. मास्तर कापडापलीकडे कशाहीबद्दल बोलत नसत.

शुक्रवारी मी इस्त्रीवालीला सांगितलं. सगळं नाही; एवढंच, की मुलगी जेवायला यायची आहे आणि तिला गव्हाचं चालत नाही. तिने इस्त्री उभी केली आणि म्हणाली, एक भोपळा मिळतो, पिवळा, लांबोडका. भाजला की आतून नूडल्स निघतात. मला वाटलं थट्टा करते. तिची थट्टा कुठे संपते आणि माहिती कुठे सुरू होते हे कळायला मार्ग नसतो. पण कामावरून सुटल्यावर बाजारात गेले तर तो खरंच होता, बटाट्यांच्या मागे तीन नग, वर चिठ्ठी, स्पॅगेटी स्क्वॉश. भाजीवाल्याला विचारलं, करतात कसा? म्हणाला, लोक नेतात खरे, आणि परत येऊन अजून कोणी भांडलेलं नाही. तेवढ्या भरवशावर मी एक उचलला. चांगला जड होता. पिशवी या हातातून त्या हातात घेत घरी येताना तो सारखा गुडघ्यावर आपटत होता आणि मला एकाएकी इतकं थकल्यासारखं झालं, की मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. भोपळा मांडीवर. येणारे-जाणारे बघत होते. मी त्याच्यावरून हात फिरवला. गुळगुळीत, गार, आतलं काहीच सांगत नव्हता. मला वाटलं, मी अठ्ठावन्न वर्षांची बाई, या वयात भोपळ्याकडून कसली आशा धरून बसले आहे?

शनिवार सगळा साफसफाईत गेला. पिठाचा डबा शेजारणीला दिला. ती म्हणाली, एवढं पीठ? मी म्हटलं, एकटीला आता कशाला. फळ्या गरम पाण्याने तीनदा पुसल्या, ओट्याच्या फटी जुन्या दात घासायच्या ब्रशने घासल्या. ब्रेडचा चुरा कुठे कुठे जाऊन बसतो, ते त्या दिवशी कळलं. चमच्यांच्या खणात, काडेपेटीखाली, रेडिओच्या जाळीत. संध्याकाळी नवी सुरी आणली, नवा लाकडी पाट, कढई, डाव, दोन ताटल्या आणि दोन काटे. ओव्हनचा ट्रे जुना, त्यावर घालायला फॉइलची गुंडाळी. सगळं धुवून ओळीने पालथं घातलं. दवाखान्यात असतं तसं स्वयंपाकघर दिसायला लागलं. कंबर मोडून आली होती. पलंगावर पडल्यावर मी मनातल्या मनात पुन्हा एकदा सगळं मोजलं, सुरी, पाट, कढई, डाव, ताटल्या, काटे, आणि काही राहिलेलं नाही अशी खात्री करून घेतली.

रविवारी सकाळी मी भोपळा पाटावर ठेवला आणि धागा शोधू लागले. हसायला येईल, पण दुसरं काय करणार? कोणतंही कापड आधी असंच हातात घेते मी. उभा धागा कुठून कुठे जातो ते बघायचं, त्याच्या बाजूने जायचं, तो विनाकारण तोडायचा नाही. भोपळा लांबोडका, त्याच्या सालीवर देठापासून बुडापर्यंत पुसट रेघा. म्हणजे धागे उभे असणार, लांबीने. मग आडवा कापला तर सगळे मधोमध तुटतील. म्हणून मी त्याला उभा चिरायला घेतलं. चिरायला म्हणजे काय, झुंजच होती. सुरी अडकली, बाहेर येईना, मी वरून दोन्ही हातांनी जोर केला, पाट सरकला, खांदा भरून आला. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते काय ते त्या अर्ध्या तासात समजलं. शेवटी तो कर्रकन उघडला. आतून ओला, गार वास आला, काकडीसारखा. बिया काढल्या, तेल आणि मीठ चोळलं, दोन्ही अर्धे फॉइलवर पालथे घातले आणि ओव्हनचं बटण फिरवलं. एकीकडे कढईत टोमॅटो आणि लसूण शिजायला टाकले. मग स्टुलावर बसून ओव्हनच्या काचेतून बघत राहिले. तिच्या बाबांनीच आणलेला ओव्हन; सुतळीच्या वाढदिवसाला केक घरी करू म्हणून. केक गव्हाचा. आठवायला लागलं की सगळंच गव्हाचं निघतं.

पाऊण तासाने एक अर्धा बाहेर काढला, जरा निवू दिला आणि काट्याने खरवडला. आणि खरंच, इस्त्रीवालीच्या तोंडात साखर पडो, गर धाग्या-धाग्यांनी सुटायला लागला. पिवळे, चकचकीत, वेगवेगळे धागे. पण आखूड. जेमतेम बोटभर. मी दुसरीकडून खरवडून पाहिलं, तिथेही तेच. नीट बघितलं तेव्हा समजलं, धागे उभे नव्हतेच. ते भोपळ्याच्या पोटाभोवती गोल गोल गेलेले होते, रिळावर दोरा गुंडाळलेला असतो तसे, आणि मी सुरी घालून एकूण एक कापून ठेवले होते. पस्तीस वर्षं धाग्यात घालवलेल्या बाईने. मी हसले आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं, हे मला आवडलं नाही. ओठांत धरून आत ओढण्याएवढा एकही धागा त्यात नव्हता. त्यातून त्याला पाणी सुटत होतं, ताटलीत तळं साचायला लागलं. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. मी घाईने ते सगळं चाळणीत ओतलं, निथळायला सिंकमध्ये ठेवलं आणि हात पुसत दार उघडायला गेले.

तिच्या हातात नेहमीची पिशवी नव्हती. नुसती खांद्याची पर्स. दारात उभी होती आणि दमलेली दिसत होती, डोळ्यांखाली काळं. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही गं, दुकानात माणसं कमी आहेत. चपला काढून ती तिच्या जुन्या खुर्चीत बसली, पाय वर घेऊन, लहानपणी बसायची तशी. मग म्हणाली, "कंटाळा आला आई. दोन वर्षं जाईन तिथे डबा घेऊन जाते. लग्नाला डबा, सहलीला डबा. रोज सकाळी उठून भरायचं जिवावर येतं. गुरुवारीच ठरवलं, एक दिवस आईकडे जायचं आणि नुसतं बसायचं." मी म्हटलं, बस.

मी आत गेले. निथळलेले धागे नव्या ताटलीत घेतले, वरून कढईतला टोमॅटो घातला. रंग सुरेख दिसत होता. ताटली तिच्यासमोर ठेवली, काटा ठेवला. तिने वाकून वास घेतला आणि विचारलं, हा तो भोपळा ना? मी हो म्हटलं. तिने आणखी काही विचारलं नाही. नवं काय, जुनं काय, कशात शिजवलं, काहीही नाही. काटा उचलला. मी पाणी आणायला वळले आणि सिंककडे नजर गेली. चाळणी पालथी पडली होती. तिच्या काठाच्या खोबणीत पांढरं, ओलं, चिकट असं काहीतरी बसलं होतं, आणि ते काय आहे ते मला लगेच कळलं. पिठाची चाळणी. खिडकीजवळच्या खिळ्याला ती इतकी वर्षं टांगलेली होती, की मला दिसेनाशीच झाली होती. शनिवारभर मी तिच्याखाली उभी राहून सगळं घासत होते. आणि घंटा वाजल्यावर हात आपणहून वर गेला. जित्याची खोड.

मग मी जे केलं ते आधी सांगते, म्हणजे काहीच केलं नाही. एक श्वासभर मी तशीच उभी राहिले. कितीसं ते पीठ. लागलंच असेल असंही नाही. टोमॅटोखाली दिसणारही नाही. ती दोन वर्षांनी माझ्या घरी डब्याशिवाय बसली आहे, दमली आहे, तिला भूक लागली आहे. आणि समजा रात्री काही झालंच, तर ते वाक्य होतंच माझ्याजवळ, तयार, वापरलेलं. बाहेर काहीतरी खाल्लं असशील. ते तोंडाशी आलं तेव्हा मला माझीच शिसारी आली. काटा तिच्या ओठांपर्यंत गेला होता.

"खाऊ नकोस," मी म्हटलं.

ती थांबली. मी सांगितलं, चाळणी जुनी आहे, पिठाची. बाकी सगळं नवं आणलं, तेवढी एक राहिली. तिने काटा ताटलीत ठेवला, आवाज न करता. ताटलीकडे बघत म्हणाली, "मला कळलंही नसतं."

मी म्हटलं, माहीत आहे. सिंकमध्ये पाणी ठिबकत होतं. तिने चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि परत न घालताच विचारलं, "आणि तेव्हा? तेव्हाही चाळणीच होती का?"

तिने माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. हो म्हटलं असतं तर भागलं असतं. चाळणी होती, चूक होती, आईचा हात चुकतो कधीकधी, आणि पुढच्या महिन्यात ती पुन्हा तशीच आली असती. मी समोरच्या खुर्चीवर बसले.

"नाही," मी म्हटलं. "तेव्हा चमचा होता, भरलेला. मी मुद्दाम घातलं. तुला काही होत नाही हे मला बघायचं होतं. आणि मग तुलाच म्हटलं, बाहेर काहीतरी खाल्लं असशील."

ती रडेल असं मला वाटलं, किंवा ओरडेल. तिने चष्मा घातला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "मी त्या आठवड्यात बाहेर काहीच खाल्लं नव्हतं," ती म्हणाली. "किती दिवस मी आठवत बसले होते, नक्की काय खाल्लं मी. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. म्हणून तर डबा. माझा मलाच भरवसा राहिला नव्हता."

म्हणजे दोन वर्षं मी समजत होते, की डबा माझ्यावरच्या संशयाचा आहे. तो तिच्या स्वतःवरच्या संशयाचा होता, आणि तो मी तिला उशाशी बसून दिला होता. मी माफ कर म्हटलं. शब्द फारच लहान निघाला. ती खुर्ची मागे सरकवून उठली. मला वाटलं, आता चपला. मी दाराकडे बघायचं नाही म्हणून टेबलाकडे बघत राहिले. पण पावलं स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला, मग ओव्हनचं दार.

"ओव्हनमध्ये आहे तो दुसरा अर्धा ना?" तिने आतून विचारलं.

मी म्हटलं, हो, त्याला चाळणी लागलेली नाही. थोड्या वेळाने ती बाहेर आली. दुसऱ्या, धुतलेल्या ताटलीत तो अर्धा भोपळा सालीसकट ठेवलेला, हातात धुतलेला दुसरा काटा. पहिली ताटली तिने बाजूला सारली आणि बसली. "या सगळ्यावर मला नीट रागवायचंय," ती म्हणाली, "पण त्याला वेळ लागेल. आता भूक लागलीय." तिने आपल्या हाताने गर खरवडायला सुरुवात केली. काट्याचा सालीवर खरखर आवाज येत होता. एक धागा तिने ओठांत धरला आणि आत ओढला. तो लगेच संपला. तिने भोपळ्याकडे निरखून पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं.

"हा उभा कापलास?"

मी मान डोलावली.

"मी करते खोलीवर कधीकधी," ती खाता खाता म्हणाली. "पुढच्या वेळी आडवा काप. म्हणजे लांब निघतात."

मी बरं म्हटलं.